काशीत जुनं नक्की काय आहे?

आमच्या मावशीने काशीत एक प्रश्न विचारला आणि तो मला फार आवडला. जगातलं सगळ्यात जुनं शहर, जुनं शहर म्हणून आयुष्यभर ऐकलं, आणि इथे येऊन बघते तर विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंचं, अन्नपूर्णेचं पेशव्यांच्या काळातलं, हा घाट भोसल्यांचा, तो घाट शिंद्यांचा, मग यात जुनं काय आहे रे? नावाडी दर दोन मिनिटांनी "ये भी महाराष्ट्र के राजा ने बनवाया" करत होता (गिऱ्हाईक मराठी आहे हे बघून जरा जास्तच करत असावा), त्यामुळे तिचा संशय अजूनच पक्का झाला.

आणि खरंच आहे की ते. नदीतून जी काशी दिसते, ते चढत गेलेले घाट, वाडे, शिखरं, त्यातलं बहुतेक सगळं १८ व्या शतकातलं किंवा त्यानंतरचं आहे. आपल्याकडे कार्ल्याची लेणी दोन हजार वर्षांची, वेरूळचं कैलास साडेबाराशे वर्षांचं, त्यांच्यापुढे काशीचा दगड म्हणजे कालचाच. "इतिहासाहूनही जुनी नगरी" वगैरे जे फॉरवर्ड येतात ते वाचून गेलेल्या माणसाला इथे हमखास गोंधळल्यासारखं होतं.

तसं खरोखरचं जुनं बघायचं असेल तर राजघाटला जावं लागतं. म्हणजे उत्तरेला, मालवीय पुलाजवळ, जिथे वरणा नदी गंगेला मिळते त्या बाजूला. तिकडे टूरवाले फारसं नेत नाहीत. १९४० च्या आसपास रेल्वेच्या कामासाठी तिथे खोदताना जुने अवशेष निघायला लागले, मग पुढे बनारस हिंदू युनिव्हर्सिटीच्या लोकांनी पद्धतशीर उत्खनन केलं, आणि वस्तीचे थर पार इसवी सन पूर्व आठव्या शतकाच्या आसपासपर्यंत गेले. मातीच्या मुद्रा सापडल्या, त्यात गुप्तकाळातल्या काही मुद्रांवर चक्क अविमुक्तेश्वराचं नाव आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी इथे शिवाच्या देवस्थानाचा शिक्का चालत होता! जुनं शहर ते. गाहडवाल राजांच्या काळात, ११-१२ व्या शतकात, तिकडचा भाग भरभराटीत होता, ११९४ मध्ये कुतुबुद्दीन ऐबकाच्या सैन्याने ते लुटलं, देवळं पाडली, आणि पुढच्या काळात गजबज दक्षिणेकडे सरकत गेली. आज आपण ज्या गल्ल्यांतून कचोरी खात धक्के खात फिरतो ती काशी त्यामानाने नवी.

सारनाथला मात्र सगळे जातात, दहा किलोमीटरवर आहे. बुद्धांना बोधगयेला ज्ञान झालं आणि पहिलं प्रवचन द्यायला ते एवढं अडीचशे किलोमीटर चालत इथे आले, कारण त्यांना सोडून गेलेले ते पाच साथीदार इथे होते, आणि ते पाच जण इथे का होते तर साधना करणाऱ्यांनी येऊन राहायची जागा म्हणून या भागाचं नाव तेव्हाही होतंच, असं मला वाटतं. जैनांचे २३ वे तीर्थंकर पार्श्वनाथ यांचा जन्मही काशीतलाच मानतात. सारनाथची एक गोष्ट गाईड गाळतात. १७९४ मध्ये काशीच्या राजाच्या दिवाणाने, जगतसिंहाने, नवीन बाजार बांधायला विटा पाहिजेत म्हणून तिथला धर्मराजिका स्तूप पाडला. अशोकाचा बांधलेला स्तूप, विटांसाठी! आज तिथे फक्त गोल पाया दिसतो. आपल्या नोटेवरचे ते सिंह मात्र जमिनीखाली होते म्हणून वाचले, १९०५ च्या उत्खननात निघाले.

तर मावशीला मी जे सांगायचा प्रयत्न केला (नावेत अर्धंच झालं, मधे मक्याची कणसं आली) ते हे, की काशीत जुनी आहे ती जागा. बांधकाम नाही, जागा. आणि हे मी नवीन काही सांगत नाहीये, हे साडेचारशे वर्षांपूर्वी एका माणसाने शास्त्राधार देऊन लिहून ठेवलंय आणि तो माणूस मूळचा आपल्या पैठणच्या घराण्यातला.

नारायणभट्ट. जन्म १५१३. वडील रामेश्वरभट्ट पैठणहून काशीला जाऊन राहिले, मुलगा इतका मोठा पंडित झाला की काशीच्या पंडितसभेत पहिल्या पूजेचा मान या भट्ट घराण्याकडे आला. त्यांनी त्रिस्थलीसेतु नावाचा ग्रंथ लिहिला, प्रयाग, काशी आणि गया या तीन ठिकाणी यात्रेकरूने काय काय करायचं त्याचा. आपल्याकडे त्रिस्थळी यात्रा म्हणतात ती हीच. त्यात ते विश्वेश्वराच्या लिंगाबद्दल जे म्हणतात ते वाचून मी चाट पडलो. त्याचा मथितार्थ असा, की काळ असा आलाय की मूळ लिंग कोणी हलवतो, माणसं त्या जागी दुसरं आणून बसवतात, तर जे लिंग त्या जागी असेल त्याची पूजा करावी. आणि परकीय सत्तेमुळे त्या जागी लिंगच नसेल तरीसुद्धा त्या स्थानाला प्रदक्षिणा घालावी, नमस्कार करावा, स्थानाचा धर्म चालू ठेवावा. हे कोरडं शास्त्र नाहीये, ज्या माणसाने मोडकं देऊळ स्वतः पाहिलंय त्याने पुढच्यांसाठी करून ठेवलेली सोय आहे ही. देऊळ पडलं तरी यात्रा पडायला नको.

गंमत म्हणजे देऊळ परत उभं करण्यातही हेच गृहस्थ पुढे होते. अकबराच्या काळात, १५८५ च्या सुमारास, तोडरमलच्या मदतीने विश्वनाथाचं भव्य देऊळ झालं ते नारायणभट्टांच्या देखरेखीखाली. दुष्काळ पडला होता, यांनी पाऊस पाडून दाखवला म्हणून परवानगी मिळाली अशी आख्यायिका आहे, ती ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. त्यांचा नातू कमलाकरभट्ट म्हणजे निर्णयसिंधुवाले, १६१२ चा ग्रंथ, आज एकादशी कुठल्या दिवशी धरायची यावर घरात वाद झाला की पंचांगवाले अजून त्याच्याकडे बोट दाखवतात. दुसरा नातू नीलकंठभट्ट, त्याच्या व्यवहारमयूखावरून इंग्रजांच्या काळात मुंबईच्या कोर्टात वारसाहक्काचे खटले निकाली निघायचे. आणि पणतू गागाभट्ट, त्यांच्याबद्दल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, रायगड, १६७४. पैठणचं एक घर काशीला गेलं आणि चार पिढ्यांत एवढं करून बसलं.

त्याच पैठणचे एकनाथही, नारायणभट्ट तिथे असतानाच, काशीत होते. १५७३ मध्ये एकनाथी भागवत पुरं झालं ते काशीत. मराठीत भागवत लिहिलं म्हणून तिथल्या पंडितांनी आधी आक्षेप घेतला आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली अशी कथा सांगतात. शाहजहानच्या वेळी तर गोदाकाठच्याच कवींद्राचार्य सरस्वती नावाच्या संन्याशाने बादशहापर्यंत जाऊन काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर माफ करून आणला. हे नाव शाळेत कोणी शिकवलं नाही याचं मला वाईट वाटतं.

मग १६६९. औरंगजेबाच्या हुकमाने विश्वनाथाचं ते देऊळ पाडलं गेलं, त्या जागी मशीद झाली. अहिल्याबाईंनी शेजारी आजचं देऊळ बांधलं ते १७८० च्या सुमारास. मधली वर्षं मोजा, शंभराहून जास्त होतात. या सगळ्या काळात मूळ जागी देऊळ नव्हतं. आणि माणसं यायची थांबली का? बाजीरावाची आई राधाबाई १७३५ मध्ये पुण्याहून निघाली आणि १७३६ मध्ये परत आली, उदयपूर, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया असा प्रवास केला. रस्ताभर मोगलांचे सरदार आणि राजपूत राजे तिला सोबत देतायत, आहेर करतायत, ज्याच्याशी मुलगा लढत होता त्या मोगल सरदार बंगशानेसुद्धा तिचा मान ठेवला. एवढा खटाटोप करून पेशव्याची आई काशीला पोचली तेव्हा विश्वनाथाचं मोठं देऊळ तिथे नव्हतंच. नारायणभट्टांनी लिहून ठेवलेली सोय कामी आली ती अशी. स्थान होतं, गंगा होती, मणिकर्णिका होती, यात्रा झाली.

आणि काशीचं धर्मातलं म्हणणंच मुळात ते आहे. अविमुक्त क्षेत्र, म्हणजे शिव जे कधी सोडत नाही ते. पुराणात एक मोठी गमतीची कथा आहे, दिवोदास राजाच्या काळात शिवालाच काशी सोडून जावं लागलं, कारण राजाने अटच घातली होती की देवांनी इथे राहायचं नाही, मी नीट राज्य करतो. आणि खरंच नीट करत होता, खोट काढायला जागा नाही! मग शिव मंदार पर्वतावर बसून झुरतोय आणि एकेकाला हेरगिरीला पाठवतोय, योगिनी गेल्या त्या तिथेच राहिल्या, सूर्य गेला तो तिथेच रमला, ब्रह्मदेव गेला तोही आला नाही, जो जातो तो काशीचाच होतो. शेवटी गणपती ज्योतिषी बनून गेला, विष्णू गेला, तेव्हा कुठे जमलं. तो धुंडिराज गणपती अजून विश्वनाथाच्या वाटेवर आहे, आधी त्याला नमस्कार करायचा असतो. काशीला एकदा आलेला माणूस गाडी चुकवतो म्हणतात ते उगाच नाही.

बाकी मरणाचं तर सगळ्यांना माहीत असतं. काशीत मेलं की मुक्ती, शिव स्वतः कानात तारकमंत्र सांगतो, जात-पात, पाप-पुण्य काही बघत नाही. मणिकर्णिकेवर चिता विझत नाहीत, शेजारी चहाची टपरी चालू, मुलं पतंग उडवतायत, बकऱ्या झेंडूचे हार खातायत. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे अंगावर येतं, मग दुसऱ्या दिवशी तोही तिथे चहा पितो. यावर कबीराने जे केलं ते मला भारी वाटतं. जन्मभर काशीत राहिला आणि मरायला मुद्दाम मगहरला गेला, जिथे मेलं तर गाढवाचा जन्म येतो म्हणायचे. काशीला एवढं मोठं उत्तर देणारा माणूससुद्धा काशीतच तयार झाला हे विसरू नये.

एकच घाट बघायला वेळ असेल तर मी पंचगंगा सांगेन. दशाश्वमेधची आरती सुंदर असते, पण ती आता लाऊडस्पीकरची आणि व्हीआयपी खुर्च्यांची झाली आहे. पंचगंगेच्या पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्याने सांभाळून. याच पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात कबीर आडवा पडला आणि स्नानाला निघालेल्या रामानंदांचा पाय त्याला लागला, तोंडून राम राम निघालं, तोच मंत्र अशी कथा. घाटावर एक दगडी दीपस्तंभ आहे, हजारा म्हणतात त्याला, खालपासून वरपर्यंत पणती मावेल एवढ्या खोबण्याच खोबण्या, तेल पिऊन पिऊन दगड काळा झालेला. अहिल्याबाईंचा. कार्तिकात इथे बांबूंच्या टोकाला वेताच्या टोपल्या चढवतात, आत दिवा, दोरीने खालून वर ओढतात, आकाशदीप. आता जी देवदिवाळी टीव्हीवर दाखवतात, सगळे घाट उजळलेले, तिची सुरुवात या घाटापासून झाली.

वर मान केली की आलमगीर मशीद दिसते. तिथे आधी बिंदुमाधवाचं देऊळ होतं, तावर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या १६६५ मध्ये इथे आला होता त्याने ते पाहून वर्णन लिहिलंय, पुढच्या काही वर्षांतच ते पाडलं गेलं. मशिदीला उंच मिनार होते, लांबून काशी ओळखायची खूण, आणि लोक त्यांना काय म्हणायचे तर माधवराव का धरहरा! मशिदीच्या मिनारांना विष्णूचं नाव. १८२० च्या दशकात इथल्या टांकसाळीत नोकरीला असलेल्या जेम्स प्रिन्सेपने (पुढे अशोकाची ब्राह्मी वाचली तो) ते कलायला लागलेले मिनार दुरुस्त करून घेतले. आता मिनार नाहीत. बिंदुमाधव मात्र आहे, मशिदीच्या बाजूला, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेल्या जागेत, बाहेरून बघाल तर वाडाच वाटतो, पाटी वाचली नाही तर पुढे निघून जाल. परत तेच, चार पावलं सरकून देव तिथेच.

पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा सगळा पट्टा मराठी घरांचा. कायगावचे नारायण दीक्षित १७३० च्या दशकात इकडे येऊन राहिले, त्यांचं पेशव्यांकडे फार वजन होतं, इथले घाट बांधून घेण्यात त्यांचा हात. पुढे अमृतराव पेशवे आले, राजघाटाच्या उलट टोकाकडे जो राजा घाट आहे तो त्यांचा. दुसऱ्या बाजीरावाचा भाऊ चिमाजीअप्पा आला, त्याच्या पदरी मोरोपंत तांबे, म्हणून मनकर्णिकेचा, आपल्या झाशीच्या राणीचा जन्म काशीतला. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री तिथल्या संस्कृत कॉलेजात गणित शिकवायचे. हिंदी पत्रकारितेतलं सगळ्यात मोठं नाव कोणाचं, तर बाबूराव विष्णु पराडकर, काशीत जन्मलेला मराठी माणूस. नागपूरकर भोसल्यांचा घाट, त्यांच्याच मंत्र्याचा, श्रीधर नारायण मुन्शींचा घाट. शिंद्यांचा घाट तर एवढा जड बांधला की तो खचला. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप बायजाबाई शिंद्यांचा, १८२८ चा. पैसा इकडचा, हे नावाड्याचं म्हणणं खोटं नाही. पण माझं मत विचाराल तर त्याचा फार अभिमान बाळगून फिरू नये, कारण ज्यांनी बांधलं त्यांना काशी मराठी करायची नव्हती, त्यांना काशीत थोडी जागा पाहिजे होती.

आमच्या घरात काशीची खूण म्हणजे देवघरातला तांब्याचा सीलबंद गडू, आजीने आणलेला. तिथून आल्यावर गंगापूजन, मावंदं, अख्खी आळी जेवायला. आणि तिथे जाऊन काहीतरी सोडायचं असतं, आवडीचा पदार्थ, तो पुन्हा खायचा नाही. मावशीने कारलं सोडलं. आवडीचं सोडायचं असतं म्हटल्यावर म्हणाली मला आवडायचं, तुम्हाला कुठे माहितीये.

विश्वनाथाच्या देवळाभोवतीच्या नव्या कॉरिडॉरबद्दल सगळे विचारतात. डिसेंबर २०२१ मध्ये उद्घाटन झालं. आता गंगेवरून सरळ चालत विश्वनाथापर्यंत जाता येतं, व्हीलचेअर जाते, मावशी न धडपडता पोचली, हे मी नाकारणार नाही. पण त्यासाठी जी घरं आणि गल्ल्या गेल्या त्याही काशीच होत्या. घरं पाडताना आत दडलेली छोटी छोटी देवळं निघाली, कोणाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून शिखर. ती आता संगमरवरी चौकात मोकळी उभी आहेत, फोटो छान येतो. मला मात्र सारखं वाटत होतं की ती घरात होती तेव्हा रोज कोणीतरी आजी त्यांना पाणी घालत असणार.

आणि दगडाचंच जुनं पाहिजे असेल, मावशीसारखं, तर एक आहे. पंचक्रोशी यात्रा ही काशीची मोठी प्रदक्षिणा, साधारण ८० किलोमीटर, मणिकर्णिकेवर संकल्प करून निघायचं, कंदवा, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे मुक्काम, वाटेवर १०८ देवस्थानं. त्यातल्या पहिल्याच मुक्कामाला, कंदव्याला, कर्दमेश्वराचं देऊळ आहे, गाहडवाल काळातलं, त्या काळातलं काशीत उभं राहिलेलं हे एकच. मोठ्या कुंडाच्या काठावर, भिंतींवर कोरलेल्या मूर्ती अजून बऱ्या आहेत, गावाबाहेर पडलं म्हणूनच वाचलं असावं. युनिव्हर्सिटीपासून रिक्षाने फार लांब नाही. रिक्षावाल्याला कर्दमेश्वर म्हणून कळलं नाही तर कंदवा पोखरा म्हणा, आणि परतीचं भाडं आधीच ठरवून घ्या, तिकडून दुसरी रिक्षा पटकन मिळत नाही.